कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांना, त्या पहिल्या प्रश्नाबद्दल

प्रिय सिस्टर,

तोंड वाकडं झालेला, हात उचलता न येणारा, म्हणजे लकव्याची (स्ट्रोकची) शंका असलेला पेशंट दारात आला की तुम्ही नातेवाइकांना ‘त्रास कधीपासून?’ एवढंच विचारून थांबत नाही. ‘शेवटचे ठणठणीत कधी पाहिलेत?’ हेही विचारता. आधी त्याबद्दल आभार. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं, ‘सकाळी ६ वाजता’. पण ६ वाजता तर जाग आली. नीट बोलले ते रात्री ११ ला, झोपण्यापूर्वी. मग वेळ ११ पासूनच धरायची. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साडेचार तासांची नेहमीची मुदत तेव्हा उलटलेली असते आणि मेंदूचा किती भाग वाचण्याजोगा आहे, ते खास स्कॅन करून पाहावं लागतं. ही वेळ चुकीची लिहिली गेली, तर पुढचं सगळंच चुकतं.

मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. ॲम्ब्युलन्सचा फोन येताच सीटीचं टेबल मोकळं करून घेणं, पेशंटला खाटेवर न घेता त्याच स्ट्रेचरवरून थेट सीटीला नेणं, यात वाचलेली मिनिटं म्हणूनच फार मोलाची. शुगर तुम्ही लगेच बघता; ती घसरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. बाकीच्या रिपोर्टांसाठी औषध अडवायचं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा रक्तस्रावाच्या आजाराची शंका असेल, तेवढाच अपवाद.

वजनाचा काटा आणण्याचा तुमचा आग्रहही रास्त आहे. अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं ते औषध, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. म्हणजे ७० किलोंना ६३ मिलिग्रॅम: ६.३ एका मिनिटात, उरलेलं ५६.७ तासाभरात. बाटली संपली तरी थोडं औषध नळीत राहतं, म्हणून मागून त्याच वेगाने सलाईन सोडायचं. घाईत हेच विसरतं. तुम्ही विसरत नाही.

‘घोटभर पाणी देऊ का?’ म्हणणाऱ्यांना थोपवणंही तुमच्याच वाट्याला येतं. गिळण्याची चाचणी होईपर्यंत पाणी नाही, गोळी नाही. पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

आणि औषधानंतरचं ते बीपी: सुरुवातीला दोन तास दर १५ मिनिटांनी, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, पुढे २४ तास होईपर्यंत तासातासाला. आकडा १८०/१०५ च्या वर गेला, की रात्री कितीही वाजलेले असोत, तुमचा फोन येतो. तो असाच करत राहा.

आपले,
स्ट्रोक युनिटमधले डॉक्टर