कलम जितके जड, तितकी चौकशी कमी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तालुका न्यायालयात फौजदारी टेबलावर चौदा-पंधरा वर्षे काढली. निवृत्त झालो तरी सवय सुटत नाही. ‘समाजमाध्यमावरील पोस्टप्रकरणी गुन्हा’ अशी बातमी दिसली की मी आधी कलमे पाहतो. मूळ मजकूर बातमीत बहुधा नसतोच. आमच्या टेबलावर यायचा तोही असा : कुणाच्या तरी मोबाइलचा स्क्रीनशॉट, त्याची प्रिंट, तिची झेरॉक्स, त्यावर पंचांच्या सह्या. अर्धी अक्षरे काळ्या पट्ट्यात गडप. तेवढ्या कागदावर कोठडी मागितली जायची.

मे २०२५ मध्ये, ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत, पुण्यातील एका १९ वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली. धमक्या येऊ लागताच काढून टाकली, माफीही मागितली. तरी अटक झाली, येरवडा झाले आणि महाविद्यालयातून नावही कमी झाले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सुटीतील खंडपीठाने, परीक्षा तोंडावर आहे हे पाहून, तिला त्याच दिवशी सोडायला लावले आणि सरकारलाही चार शब्द सुनावले. तिने पुढे पाठवले ते मला पटणारे नाही. पण तिच्यावर लावलेल्या कलमांत भारतीय न्याय संहितेचे १५२ होते, म्हणजे देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणे. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद. माझा आक्षेप तिथे आहे.

त्याच्या दोनच महिने आधी, २८ मार्च २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयाँ यांनी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा जामनगरचा गुन्हा रद्द केला होता. कारण होते त्यांनी टाकलेल्या व्हिडिओतील एक कविता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(३) मध्ये सोय आहे की तीन वर्षे वा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेचा गुन्हा असेल, तर पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ही सोय वापरावी, असे न्यायालयाने सांगितले. शब्दांचा परिणाम जोखायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या नजरेतून, जिथेतिथे धोका हुंगणाऱ्याच्या नजरेतून नव्हे, ही कसोटीही पुन्हा मांडली. ती मूळची आपल्या नागपूरची, तिथल्या उच्च न्यायालयात असताना न्या. व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेली.

आता गंमत पाहा. धार्मिक तेढीचे कलम १९६ लावले तर तीन वर्षे शिक्षा, म्हणजे चौकशीची चाळणी लागू. त्याच पोस्टला सोबत १५२ चिकटवले की प्रकरण सात वर्षांच्या वर गेले आणि चाळणी गळाली! किरकोळ कलमाला १४ दिवस विचार, जन्मठेपेच्या कलमाला मात्र ठाणे अंमलदाराचा पेन पुरे.

सुरक्षेचा मुद्दा मी थोतांड मानत नाही. २६/११ च्या थेट प्रक्षेपणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कसाब खटल्याच्या निकालात, २०१२ साली, वाहिन्यांना झोडपले ते योग्यच होते. शत्रूला माहिती पुरवणे वेगळे आणि लोकांना झोंबेल असे बोलणे वेगळे. त्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लष्करी ताफ्यांचे व्हिडिओ बिनदिक्कत फिरत होते. व्हिडिओ गेममधली दृश्ये ‘आत्ताचा हल्ला’ म्हणून आली, त्यावर तिरंग्यांची रांग लागली. पाठवणारे सगळे सज्जन. त्यांच्या दारात पोलीस गेले नाहीत, जावेत असेही मी म्हणत नाही.

उपाय नवा शोधायला नको. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली. त्या प्रकरणातून मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला : राजद्रोहाचे कलम १२४-अ लावताना जिल्ह्याच्या विधी अधिकाऱ्याचे सकारण लेखी मत घ्या आणि नंतर दोन आठवड्यांत सरकारी वकिलांचे. गृह खात्याने ऑगस्टमध्ये परिपत्रकही काढले. पण सूचना मराठीत अशा काही उतरल्या की लोकप्रतिनिधींवरची टीकाही राजद्रोह ठरावी. ओरड झाली, प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबरमध्ये परिपत्रक मागे घेतले गेले. पुढे १ जुलै २०२४ पासून १२४-अ हे कलमच गेले. त्याच्या जागी आलेल्या १५२ मध्ये ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, त्यामुळे तो जुना निकाल आम्हाला लागू नाही, असे म्हणायला ठाणे मोकळे.

नुसत्या निकालाने भागत नाही, हे आम्ही टेबलावरच शिकलो. ठाण्यात निकाल वाचले जात नाहीत, परिपत्रके वाचली जातात. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरील पोस्टसाठी २०१२ मध्ये अटक झाली, त्यातले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम २४ मार्च २०१५ ला रद्द झाले. तरीही देशात त्याखाली गुन्हे नोंदले जातच राहिले, शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. मेलेल्या कलमाची ही कथा, तर जिवंत १५२ चे काय?

तेव्हा गृह खात्याने २०१५ ची फाइल काढावी आणि १२४-अ च्या जागी १५२ घालून परिपत्रक नव्याने काढावे. मराठी मसुदा या वेळी सही होण्यापूर्वी एखाद्या जुन्या वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्यावा. आणि पोस्टची झेरॉक्स नको, मूळ मजकूर जसाच्या तसा टंकून जोडावा, म्हणजे मत देणाऱ्या अधिकाऱ्याला तो निदान वाचता येईल.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
सातारा