वाकवल्यामुळे तुटले, म्हणून वॉरंटी नाही?

चिपळूण, ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
धनुष्यबांधणी साहित्य विभाग

विषय: हिकरी या चिवट परदेशी लाकडाच्या नावाखाली दुसरेच लाकूड पाठवल्याबद्दल आणि तक्रारीला दिलेल्या उत्तराबद्दल.
संदर्भ: माझी २४ जूनची ऑर्डर, २५ ऑगस्टचा ईमेल आणि आपले २९ ऑगस्टचे उत्तर.

महोदय/महोदया,

आपल्या उत्तरातले एक वाक्य मी घरात सगळ्यांना वाचून दाखवले. ते असे: ‘सदर लाकूड वाकवल्यामुळे तुटले असल्याने वॉरंटी लागू होत नाही.’ हे लाकूड आपण ‘धनुष्यासाठी निवडक’ या शीर्षकाखाली विकता. धनुष्य न वाकवता कसे वापरायचे, हे आपल्या कार्यालयात कोणाला माहीत असेल तर त्यांनी जरूर कळवावे. मी शिकायला तयार आहे.

आता मुद्द्याचे. मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर लांब धनुष्ये बनवण्याचा नाद लागला. हे तिसरे. पहिल्या दोघांच्या पाठीला कळकाची चिपाटी लावली होती. त्यातले दुसरे भुंगेऱ्याने खाल्ले, कारण कळक मी भर पावसात तोडला होता. बांबूतला पिठूळ अंश म्हणजे या किड्याचे खाद्य. आमच्या आजोबांनी असे कधी केले नसते. तो दोष सर्वस्वी माझा. म्हणूनच या वेळी तयार पट्ट्या विकत घ्यायच्या ठरवले आणि आपल्याकडे आलो.

ऑर्डर अशी होती: पाठीसाठी हिकरीची १८३० × ३८ × ३ मिलीमीटरची एक पट्टी (२,८५० रुपये), गाभ्यासाठी मेपलच्या निमुळत्या पट्ट्यांची जोडी (१,९०० रुपये), पोटासाठी इपे या जड लाकडाची ५ मिलीमीटर जाडीची पट्टी (३,२०० रुपये) आणि पाठवणीचे ४५० रुपये. एकूण ८,४०० रुपये. मुठीसाठी शिसवाचा तुकडा घरचाच होता.

ही तीन लाकडे मी रंग बघून निवडली नव्हती. आपल्या पानावर मात्र तीच भाषा आहे: ‘फिकट आणि गडद यांची मोहक जोडी’. धनुष्य खेचले की निशाणाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. मधल्या थरावर ना फारसा ताण, ना फारसा दाब. तिथे थर एकमेकांवरून सरकू पाहतात, एवढेच. म्हणून गाभ्याला हलके, एकसारखे आणि डिंक चांगला धरणारे लाकूड चालते. मेपल त्यासाठी उत्तम. पोटाला दाब सोसणारे लाकूड हवे, नाहीतर त्यावर आडव्या बारीक सुरकुत्या पडतात आणि धनुष्य कायमचे बाक धरते. इपे तिथे शोभते. ती इतकी जड असते की तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. आणि पाठीला हवे चिवट लाकूड, ज्याचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता गेलेले असतील. हिकरीची ख्याती याच चिवटपणासाठी आहे. हातोड्यांचे आणि कुऱ्हाडींचे चांगले परदेशी दांडे तिचेच असतात. आपल्याकडे ते काम धामण करते. संस्कृतात तिला धनुर्वृक्ष म्हणतात, ते उगीच नव्हे. सरळ रेषेची, दोन मीटर लांब, वाळलेली धामण मिळाली असती तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. असो.

पार्सल ३ जुलैला आले. पट्ट्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या होत्या आणि आतून घाम आलेला. ओलावा मोजला तर १७ टक्के. आपल्या पानावर लिहिले आहे ‘८ टक्क्यांपर्यंत वाळवलेले, चिकटवण्यास तयार’. कोकणातल्या जुलैमध्ये लाकूड हवेतला ओलावा ओढते हे मला मान्य आहे, पण बंद प्लास्टिकमध्ये नऊ टक्के ओलावा वाटेत शिरत नाही. मी प्लायवूडची पेटी केली, आत दोन बल्ब लावले आणि पाच आठवडे पट्ट्या वाळवल्या, तेव्हा कुठे काटा ९ वर आला.

मेपलची जोडीही जुळलेली नव्हती. प्रत्येक पट्टी जाड टोकाला ४ आणि बारीक टोकाला २.२ मिलीमीटर हवी होती. एक तशी होती, दुसरी टोकाला २.६ भरली. ०.४ मिलीमीटरला काय होते, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर विचारले. होते असे: पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. धनुष्याच्या टोकाकडे सगळे थर मिळून जाडी जेमतेम १० मिलीमीटर. तिथे ०.४ जास्त म्हणजे एक पात (मुठीपासून टोकापर्यंतचा धनुष्याचा अर्धा भाग) दुसरीपेक्षा सुमारे १२ टक्के ताठ. (मी फोनवर पातीला ‘लिम्ब’ म्हणालो तेव्हा त्यांना कडुलिंब वाटला. ती चूक मी मनावर घेतलेली नाही.) दोन संध्याकाळ घासून मीच ती पट्टी दुरुस्त केली.

या दोन्ही गोष्टी मी सोसल्या आणि त्यांच्यासाठी वेगळे पैसे मागत नाही. खरी तक्रार पाठीच्या पट्टीची आहे.

ती हातात घेताच हलकी वाटली होती. पृष्ठभाग जाड पॉलिश पेपरने इतका घासलेला होता की लाकडाच्या तंतूंची रेषा नीट दिसत नव्हती. मी त्याच दिवशी फोन केला. उत्तर मिळाले, ‘सर, हिकरीच आहे, सिलेक्ट ग्रेड.’ चौतीस वर्षे मुलांना लाकूड ओळखायला शिकवलेल्या माणसाने त्याच क्षणी रंधा मारून बघायला हवे होते. मी बघितले नाही. छापील लेबलावर विश्वास ठेवला, ही माझी चूक मी आधीच लिहून टाकतो, म्हणजे आपल्याला ती शोधावी लागणार नाही.

१२ ऑगस्टला थर चिकटवले. इपे तेलकट असते म्हणून ती खरबरीत करून अ‍ॅसिटोनने पुसली, इपॉक्सी लावले, साच्यावर क्लॅम्प कसले आणि त्याच बल्बच्या पेटीत ऊब देऊन सुकवले. पुढचे दहा-बारा दिवस दोन्ही पाती सारख्या वाकाव्यात म्हणून थोडे थोडे तासत होतो. २४ ऑगस्टला भिंतीवरच्या खुंटीला मूठ अडकवून, कप्पीवरून दोरी घेऊन, तीन मीटर लांब उभे राहून खेचत होतो. २८ इंचांपर्यंत न्यायचे होते. २२ इंचांवर काडकन आवाज झाला आणि वरच्या पातीच्या पाठीवरून हातभर लांब ढलपी उभी राहिली. पाठोपाठ पात मोडली.

आपल्या उत्तरात म्हटले आहे की ‘अमानक डिंक वापरल्याची शक्यता आहे’. डिंकाचा एकही जोड सुटलेला नाही. मोडलेल्या जागीसुद्धा मेपल आणि इपे एकमेकांना तशीच घट्ट धरून आहेत. तुटले आहे ते फक्त लाकूड, तेही पाठीकडून. फोटो २५ ऑगस्टच्या ईमेलला जोडले होते. ते उघडून पाहिले असते तर हे वाक्य लिहिले गेले नसते.

मोडलेल्या कडेवर रेषा स्पष्ट दिसते. ३ मिलीमीटर जाडीच्या पट्टीत वरून शिरलेला तंतू ४ सेंटीमीटरांत खालून बाहेर पडतो. म्हणजे पाठभर एकही तंतू सलग नाही, सगळे तिरपे कापलेले. अशी पट्टी अस्सल हिकरीची असती तरी पाठीला लावण्याच्या लायकीची नव्हती.

आणि ती हिकरी नाहीच. लांबी कापताना १०० मिलीमीटरचा तुकडा उरला होता. तो गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर तोलला: ६.७ ग्रॅम. तुकड्याचे आकारमान ११.४ घनसेंटीमीटर, म्हणजे घनता ०.५९. हिकरीची घनता ०.८ च्या आसपास असते, त्या हिशेबाने तुकडा ९ ग्रॅमचा हवा होता. (सोनाराने हे कसले सोने म्हणून विचारले. मी म्हटले, २,८५० रुपयांचे.) मग धारदार पटाशीने टोक साफ केले आणि माझ्या जुन्या परदेशी हातोड्याच्या हिकरी दांड्याचे टोकही साफ करून भिंगाखाली दोन्ही शेजारी धरली. दांड्यात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला ठळक छिद्रांची ओळ दिसते आणि किरण (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषा) इतके बारीक की भिंगातही शोधावे लागतात. आपल्या पट्टीत किरण रुंद आहेत, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. उभ्या बाजूवर त्यांचे चकचकीत ठिपके पडलेले आहेत. असे ठिपके मी सिल्व्हर ओकमध्ये शेकडो वेळा पाहिले आहेत. दक्षिणेत चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तेच झाड. कपाटाला, दाराच्या पॅनेलला ठीक. धनुष्याच्या पाठीला नाही.

माझ्या नजरेवर विश्वास नसेल तर तुकडा बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे ओळखीसाठी पाठवावा. लाकूड हिकरी निघाले तर तपासणीचा खर्च मी देईन, नाही निघाले तर आपण द्यावा.

जाता जाता आपल्या पानाबद्दल. हिकरीच्या चित्राखाली ‘मध्ययुगीन इंग्रज धनुर्धरांचे पारंपरिक लाकूड’ असे छापले आहे. हिकरी उत्तर अमेरिकेतली. इंग्रजांची लांब धनुष्ये यू वृक्षाची असत. १५४५ मध्ये बुडालेले आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेले ‘मेरी रोझ’ हे जहाज घ्या. त्यावर शंभराहून जास्त धनुष्ये सापडली, ती यूचीच. यूमध्ये बाहेरचे पांढरे लाकूड ताण सोसते आणि आतले तांबूस दाब, म्हणून एकाच ओंडक्यातून पाठ आणि पोट दोन्ही निघत. आपण थर चिकटवतो ते नेमके हेच, वेगवेगळ्या झाडांतून जमवून. आणि ‘सर्व हवामानांस योग्य’ हेही खरे नाही. हिकरी दमट हवेत ओलावा पटकन ओढते आणि धनुष्य मंद होते. किनारपट्टीच्या ग्राहकाला हे आधी सांगायला हवे.

माझ्या मागण्या अशा. पट्ट्यांचे ८,४०० रुपये आणि वाया गेलेल्या इपॉक्सीचे १,३५० रुपये, असे ९,७५० रुपये परत मिळावेत. मेपल आणि इपेचे पैसे का, असे विचाराल तर ती दोन्ही आता त्या खोट्या पाठीला कायमची चिकटली आहेत, सुटी होणार नाहीत. इपे अप्रतिम होती, हे मात्र सांगतो. तिच्यासाठी सर्वात जास्त जीव हळहळतो. आपण दिलेले पुढच्या खरेदीवरच्या १५ टक्के सवलतीचे कूपन मी परत करतो.

दुसरी मागणी पैशांची नाही आणि माझ्या लेखी ती जास्त निकडीची आहे. याच खेपेतल्या पट्ट्या आणखी कोणाकोणाला गेल्या असतील, त्या सर्वांना आजच कळवावे. मी दोरीने लांबून खेचत होतो म्हणून वाचलो. बरेच नवखे लोक पहिल्याच दिवशी धनुष्य हातात धरून गालापर्यंत ओढतात. तिथे ढलपी उडाली तर समोर डोळा असतो.

ई-कॉमर्सबद्दलच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. पोच चौथ्या दिवशी आली, तीही तक्रार क्रमांकाशिवाय. महिना २४ सप्टेंबरला संपतो. तोवर पैसे जमा झाले नाहीत तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

मोडलेले धनुष्य जपून ठेवले आहे. आपल्या खर्चाने कुरिअर पाठवल्यास देईन. लाकूड ओळखणारा कोणी माणूस स्वतः येणार असेल तर अधिक बरे, भिंग आणि हातोडा तयार आहे.

कळावे,

आपला,
(सही)
निवृत्त निदेशक, सुतारकाम

सोबत: बिलाची प्रत, ओलावामापकाचे व मोडलेल्या कडेचे फोटो, पाठीच्या पट्टीचा ५० मिलीमीटरचा तुकडा (उरलेला अर्धा माझ्याकडे आहे), वापरलेले नसलेले कूपन.