जबड्याचं मॉडेल आणि पाच मिलिमीटरची सीडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जबड्याच्या थ्रीडी मॉडेलवरची कालची बातमी वाचली. रुग्णाच्या जबड्याच्या जागी टायटॅनियमची प्लेट आणि पायाचं हाड बसवलं, त्याबद्दलची ही बातमी. अशा शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅनवरून जबड्याचं मॉडेल छापतात आणि प्लेट त्यावर वाकवून तयार ठेवतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं अभिनंदन. पण ‘स्कॅन कॉम्प्युटरमध्ये टाकला की प्रिंटर हुबेहूब जबडा तयार करतो’ या वाक्यावर गप्प बसवत नाही. हे खरं असतं, तर गुटख्याने जबडा गमावायची वेळ आलेल्या माणसाला केवळ मॉडेलसाठी दुसऱ्यांदा सीटी स्कॅन करून घ्यावा लागला नसता.

प्रिंटर हा यातला सोपा भाग आहे. ०.४ मिलिमीटरचं नोझल (प्लास्टिक सोडणारं तोंड), ०.२ मिलिमीटरचा थर, आत पंधरा-वीस टक्के भरण आणि साधं पीएलए प्लास्टिक एवढ्यात प्लेट वाकवून बघण्याजोगा खालचा जबडा रातोरात निघतो. छापताना खाली लागणारे टेकू (सपोर्ट) धरूनही त्याला शंभरेक ग्रॅम माल पुरतो.

अडतं ते स्कॅनच्या सीडीपाशी. आजची सीटी मशीन मुळात मिलिमीटरहून बारीक काप, म्हणजे शरीराच्या आडव्या छेदांची चित्रं, घेतात. पण फिल्म आणि रिपोर्टसाठी त्यांचे ५ मिलिमीटरचे काप बनवले जातात आणि सीडीवर तेवढेच लिहून दिले जातात. हनुवटीपासून कानाजवळच्या सांध्यापर्यंत जबड्याची उंची साधारण दहा सेंटिमीटर, म्हणजे पाचाच्या कापांत अख्खा जबडा वीसेक चित्रांत आटोपतो. त्यातून जे मॉडेल निघतं त्याला पायऱ्या पडलेल्या असतात, सांध्याचा गोळा चपटा होतो आणि दातांची नस जाते तो दोन-तीन मिलिमीटरचा बोगदा दिसतच नाही. अशा मॉडेलवर वाकवलेली टायटॅनियमची प्लेट खऱ्या हाडावर डुगडुगते. साधे स्क्रू आवळले की हाड प्लेटकडे ओढलं जातं आणि वरच्या-खालच्या दातांची चावण्याची बैठक बिघडते. मग टेबलावरच प्लेट पुन्हा वाकवा. टायटॅनियम एकाच जागी उलटसुलट वाकवलं की तिथे कमकुवत होतं आणि पुढे चघळताना नेमकं तिथेच तुटतं. जे टाळायला मॉडेल करायचं, तेच पदरात पडतं.

बारीक कापांची सीडी मागायला गेलं की एका केंद्रातून मिळालेलं उत्तर असं: ‘डेटा उडाला.’ खरंच उडालेला असतो. मशीनवरचा मूळ डेटा काही दिवसांतच नव्या पेशंटच्या डेटाखाली पुसला जातो. तोवर मागितला तर बारीक काप पुन्हा काढून देणं टेक्निशियनचं काही मिनिटांचं काम आहे. नंतर मात्र नवा स्कॅन, नवे पैसे आणि पुन्हा किरणोत्सर्ग. गाठ वाढत असताना वाया गेलेला आठवडा वेगळाच. नातेवाईक बिचारे फिल्मचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत बसतात. त्यातून मॉडेल होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून स्कॅनच्या चिठ्ठीवरच एवढं लिहिलेलं असावं: काप १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, मूळ डायकॉममध्ये, सॉफ्ट आणि बोन अशा दोन्ही फिल्टरचे, गॅन्ट्री सरळ, दातांत गॉजची घडी. डायकॉम म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलचा प्रकार, फिल्टर म्हणजे चित्र मऊ काढायचं की धारदार ती सेटिंग आणि गॅन्ट्री म्हणजे मशीनचं गोल कडं. प्रत्येक गोष्टीला कारण आहे. बोन फिल्टरचं चित्र डोळ्याला धारदार दिसतं, पण त्यातला रवाळपणा मॉडेलच्या पृष्ठभागावर उतरतो. हाड वेगळं काढायला सॉफ्ट बरा. डोक्याच्या स्कॅनसारखी गॅन्ट्री तिरकी ठेवली आणि सॉफ्टवेअरने ती दुरुस्त केली नाही, तर अख्खा जबडा पुढे किंवा मागे कलंडलेला छापून येतो, आणि सवय नसलेल्याला ते कळतही नाही. दात मिटलेले असतील तर वरचे-खालचे एकमेकांना चिकटून एकच ढेप होते. ती हाताने सोडवण्यात तास जातात. धातूच्या कॅपांचे पट्टे त्यात भर घालतात. निघणारी कवळी तर आधी काढायलाच हवी.

स्कॅनमधून मॉडेल काढणारी थ्रीडी स्लायसर, इनव्हेसालियस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. हाडासाठी साधारण २००-२५० हाऊन्सफिल्ड युनिटच्या (सीटीत घनता मोजायचं एकक) वरचं सगळं धरायचं, ही सुरुवात. म्हातारपणी हाड विरळ झालेलं असलं की आकडा खाली आणावा लागतो. डोळ्याच्या खोबणीचा तळ तर इतका पातळ असतो की चांगल्या स्कॅनमध्येही तिथे भोक दिसतं. ते फ्रॅक्चर समजायचं की नाही, हे रेडिऑलॉजिस्टला विचारूनच ठरवावं. प्रिंटरसाठी बनवलेल्या एसटीएल फाइलमध्ये एकक (मिलिमीटर की इंच) नसतं, म्हणून छापल्यावर दोन ठळक खुणांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून स्कॅनशी ताडून पाहावं. मॉडेलवर डावं-उजवं आणि स्कॅनची तारीख कोरलेली असावी. यातलं काहीही ‘हुबेहूब’ आपोआप होत नाही.

आता आपल्या छायाचित्राबद्दल. त्याखाली ‘प्रिंटरवर तयार केलेला जबडा बसवण्यात आला’ असं छापलं आहे. चित्रात दिसतं ते पांढरं मॉडेल आहे. रुग्णाच्या तोंडात बसली ती टायटॅनियमची प्लेट आणि बातमीतच पुढे म्हटल्याप्रमाणे पायाचं हाड. ते मॉडेल निर्जंतुक हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवून फोटो काढला आहे, हे त्याहून वाईट. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, १२१ किंवा १३४ अंशांवर चालतो. असं मॉडेल त्यात टिकत नाही. ते ट्रेबाहेरच हवं: त्यावर प्लेट आदल्या दिवशी वाकवायची आणि फक्त प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये घालायची. मॉडेल टेबलावर हवंच असेल, तर ते नायलॉनचं किंवा त्यासाठीच्या खास रेझिनचं करून उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने निर्जंतुक करावं. हा फोटो बघून उद्या एखाद्या छोट्या रुग्णालयात कुणी तसंच करेल. छायाचित्राच्या ओळीची दुरुस्ती आपण छापावी, आणि जागा असेल तर चिठ्ठीवरचा मजकूरही त्याच चौकटीत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे