सोन्या अजून जेवलेला नाही

ग्लासगो,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर आईने विचारले, “अगं, त्या मुक्या जिवाला उपाशी ठेवून तुला घास तरी कसा उतरतो?” त्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याआधीच फोन तुटला आणि नंतर आठवडाभर ते शब्द माझ्या मनात घोळत राहिले. म्हणून आज सगळे सविस्तर लिहीत आहे. सोन्याने, म्हणजे माझ्या पाळलेल्या अजगराने, १२ ऑक्टोबरला शेवटचा उंदीर खाल्ला, त्याला आज बरोबर १७ आठवडे झाले. तो उपाशी आहे हे खरे, पण मी त्याला उपाशी ठेवलेले नाही.

माझ्या प्रयोगशाळेतील एक सहकारी सप्टेंबरमध्ये कायमचा मायदेशी परतला आणि त्याला हा अजगर सोबत नेता येण्यासारखा नव्हता, म्हणून तो माझ्याकडे आला, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. मात्र ‘अजगर’ म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांपुढे आपल्याकडचा, शेळी गिळणारा अजगर उभा राहिला असणार. हा तो नव्हे. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, जेमतेम सव्वा मीटर लांबीचा, भिऊ स्वभावाचा साप आहे आणि घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होऊन बसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचा अजगर पाळणे हा गुन्हा आहे. इथे ही जात पाळायला परवाना लागत नाही, तेव्हा त्या बाबतीत बाबांनी निश्चिंत असावे. तपकिरी अंगावर सोनेरी पट्टे आहेत, म्हणून मी त्याला सोन्या म्हणते.

आधी माझी चूक सांगते. ऑक्टोबरअखेर त्याने पहिल्यांदा उंदीर नाकारला तेव्हा मी घाबरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला, तिसऱ्या दिवशी आणखी लहान दिला, चौथ्या दिवशी पेटीतले सगळे सामान हलवून स्वच्छ केले आणि रोज त्याला हातात घेऊन अंगावरून हात फिरवत बसले. पाहुण्याने ‘नको’ म्हटल्यावर आणखी एक पोळी वाढायची, हे आपल्या घरचे वळण माझ्या हातातून सुटत नव्हते. पुढे कळले की या जातीच्या सापाला सारखे उचलणे, त्याची जागा बदलणे आणि पुन्हापुन्हा खाणे पुढे करणे यांनीच त्याची भीती वाढते, आणि भ्यालेला साप खात नाही. आता मी दर चौदा दिवसांनी एकदाच खाणे देते; नाकारले तर अर्ध्या तासात काढून घेते आणि मधल्या काळात पाणी बदलणे आणि रविवारचे वजन यापलीकडे त्याला हात लावत नाही.

दुसरा दोष पेटीतला होता आणि तो शोधताना बाबांची आठवण झाली. सापाचे शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते, आणि ती कमी पडली तर पोटातले अन्न पचत नाही. म्हणून पेटीचे एक टोक ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ ते २६ अंश असावे लागते, म्हणजे त्याला हवे तिकडे सरकता येते. ज्या दुकानातून मी तळाशी लावायची गरम चटई आणि तिचा थर्मोस्टॅट घेतला, तिथे सांगितले की आकडा ३२ वर ठेवा आणि निर्धास्त राहा. मी तसे केले. पण बाबा, तुम्ही पावसाळ्यात गच्चीवरच्या पर्जन्यमापकातले पाणी रोज स्वतः मोजायचे आणि छापून आलेल्या आकड्यावर विसंबायचे नाही, ते मी लहानपणी पाहिले आहे. नोव्हेंबरात मी दुरून तापमान मोजणारे यंत्र आणले आणि सोन्या जिथे बसतो तिथे धरले, तर आकडा आला २६.४. थर्मोस्टॅटची तार चटईला चिकटलेली होती. चटई ३२ झाली की तो वीज बंद करत होता, आणि काच व भुशाच्या जाड थरावर बसलेल्या सोन्यापर्यंत ती ऊब पोचतच नव्हती. मी तार आतल्या बाजूला, तो बसतो त्या जागी आणली आणि भुसा कमी केला. आता त्याच्या उबदार कोपऱ्यात नागपूरची फेब्रुवारीतली दुपार असते, बाहेर मात्र पाणी गोठलेले असते.

एवढे करूनही तो जेवला नाही, तेव्हा ५ डिसेंबरला मी त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याचे तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, घशात चिकट लाळ आहे का आणि श्वासाला घरघर आहे का ते पाहिले, खवल्यांमध्ये गोचिडीसारखे बारीक कीटक शोधले आणि विष्ठा तपासायला ठेवून घेतली. काहीही निघाले नाही. त्यांचे म्हणणे असे की या जातीचे वयात आलेले नर थंडीच्या महिन्यांत, म्हणजे त्यांच्या विणीच्या हंगामात, अनेकदा आपण होऊन खाणे सोडतात आणि दोनतीन महिने, कधी त्याहून अधिक काळ तसेच राहतात. सशक्त सापाला ते झेपते. वजन मात्र मोजत राहायचे आणि ते दहाव्या हिश्श्याने उतरले किंवा पाठीचा कणा वर दिसू लागला तर ताबडतोब परत यायचे.

म्हणून दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर झाकणाचा डबा ठेवते, आकडा शून्यावर आणते आणि सोन्याला हलकेच त्यात सोडते. तो डब्याच्या कडेने एक फेरी मारतो, तोपर्यंत आकडा नाचत राहतो. मग तो गोळा होतो आणि आकडा थांबतो. ऑक्टोबरात तो १,४१० ग्रॅम होता, आज सकाळी १,३५२ भरला. चार महिन्यांत ५८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४ टक्के. आई, हा आकडा तू लक्षात ठेव, कारण मला रात्री झोप लागते ती याच्या आधारावर.

आता तुझ्या सूचनांविषयी. दूध द्यायचे नाही, कारण सापाच्या पोटाला ते पचत नाही. श्रावणात नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या वाड्यासमोर गारुडी टोपली उघडायचा, तेव्हा नाग दुधाला तोंड लावायचा तो दिवसेंदिवस तहानलेला ठेवलेला असायचा म्हणून. बाबा त्याला पैसे न देता परत पाठवायचे आणि मला तेव्हा बाबांचा राग यायचा. अंडे ही जात खात नाही. जिवंत उंदीर सोडावा असे दादाने सुचवले, पण भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो आणि ती जखम चिघळते. नळीने पोटात अन्न घालणे हा शेवटचा उपाय आहे, तो डॉक्टरच करतात, आणि धडधाकट सापावर केला तर धसक्याने तो खाल्लेले ओकून टाकतो. दृष्ट काढण्याचे म्हणालीस, ती तू तिथूनच काढ. त्याला काही अपाय नाही आणि मला बरे वाटेल. नागपंचमीला जी विळी हातात धरत नाही आणि तवा चुलीवर ठेवत नाही, ती माझी आई सापाच्या उपासाने कासावीस होते याचे मला मुळीच नवल वाटले नाही.

आपल्या शाकाहारी घरात वाढलेल्या मला उंदीर हाताळणे पहिल्यांदा फार जड गेले, हेही सांगून टाकते. ते मेलेले आणि गोठवलेले मिळतात. मी त्यांच्यासाठी वेगळा छोटा फ्रीझर घेतला आहे, माझ्या खाण्याच्या वस्तूंजवळ ते येत नाहीत. रात्रभर थंडाव्यात हळूहळू विरघळू द्यायचा, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा आणि देण्याआधी डोके जिवंत प्राण्याइतके, ३८ अंशांच्या आसपास गरम करायचे. कारण सोन्याच्या वरच्या ओठावर बारीक खळ्यांची ओळ आहे आणि त्या खळ्यांनी त्याला अंधारात ऊब जाणवते. गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो.

काल रात्री दहाला दिवे मालवून मी लांब चिमट्याने उंदीर त्याच्या बिळासमोर धरला. बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग आधी जीभ बाहेर आली, नंतर नाक, आणि त्याने मानेची इंग्रजी ‘एस’सारखी घडी घातली, भक्ष्यावर झेपावण्याआधी साप अशी घडी घालतो. जीभ आधी भरभर हलत होती, ती हळूहळू संथ झाली. मी श्वास रोखून उभी होते, हात अवघडला होता. दोन मिनिटे तो तसाच राहिला, उंदराच्या डोक्याला त्याने जिभेने स्पर्श केला, आणि मग मानेची घडी मोडून, वळून, आत गेला. ऑक्टोबरनंतर तो इतका पुढे पहिल्यांदाच आला. मी चिमटा खाली ठेवला आणि पुन्हा समोर धरण्याचा मोह आवरला.

पुढचे खाणे शनिवारी, २१ फेब्रुवारीला. तोपर्यंत इथला दिवसही थोडा मोठा झालेला असेल. डिसेंबरात तर पावणेचारलाच सूर्य मावळत होता. २२ तारखेला सकाळी वजन करून मग फोन करीन, तेव्हा तुमच्याकडे दुपार असेल. बाबांनी रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी आणि तिचीही वहीत नोंद ठेवावी. आजीला साष्टांग नमस्कार, दादाला आशीर्वाद मागितला आहे म्हणून सांगा.

तुमची लेक

ता. क. आई, संत्र्याच्या बर्फीचे पार्सल मिळाले. दोन वड्या उरल्या आहेत.