सिस्टर, दरपत्रकाच्या दोन्ही बाजूंबद्दल आभार

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बाळाचं वजन किती भरलं?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय. आता विषय बदलता यायचा नाही.

दुसरंही कारण आहे. हल्ली आजूबाजूच्या गावांतल्या लेकीसुना मला विचारायला येतात, ताई, बाळंतिणीच्या मालिशीचा आणि डब्याचा धंदा काढायचाय, भांडवल किती लागतं, लायसन कुठलं? ते सगळं मी सांगतेच. पण तुमच्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि तुम्ही नसता तर माझा धंदा उभाच राहिला नसता.

तुम्हाला आठवत असेल, मी हे काम चुलत सासूबाईंच्या हाताखाली शिकले. आमच्या खटाव तालुक्यात मालिशवाली म्हणजे सकाळी जायचं, बाळंतिणीला तेल लावायचं, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, चहा प्यायचा आणि घरी यायचं. सव्वा महिन्यानं ओटी, साडी-खण, नारळ, फार तर पायलीभर ज्वारी. लाडूंचंही तसंच. सामान त्यांचं, हात माझे, आणि वर "तुमच्या हाताला चव आहे हो."

लसीकरणाच्या दिवशी गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर तुम्ही मला गाठलंत.

"किती घेतेस गं?"

"लोक खुशीनं देतील ते."

"खुशीवर किराणा मिळतो का वडूजच्या बाजारात?"

मग तुम्ही पल्स पोलिओचं एक जुनं पोस्टर उलटं केलंत आणि त्याच्या पाठीवर मला हिशेब मांडायला लावलंत. डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप, खसखस, सुंठ, गॅस. मी थांबले तर तुम्ही लाल पेनानं खाली आणखी एक ओळ लिहिलीत: मजुरी. मी म्हटलं, माझीच चूल, माझेच हात, मजुरी कसली? तुम्ही म्हणालात, "तू आजारी पडलीस आणि जागेवर दुसरी बाई ठेवलीस तर तिला काय देशील? तेवढे तुझे." ती ओळ धरून बेरीज केली तेव्हा दिसलं, की गावात चाललेल्या भावानं लाडू द्यायचे म्हणजे निव्वळ पदरमोड. बाईनं बाईसाठी केलेल्या कामाला मोल लावायची आपल्याकडं लाज वाटते. बाकी मंडपवाला, बँडवाला, भटजी, कुणालाच वाटत नाही.

दरपत्रक छापायचं ठरलं तेव्हा तुम्ही अट घातलीत: पुढच्या बाजूला दर, मागच्या बाजूला धोक्याची लक्षणं. छापखानेवाला म्हणाला, ताई, मागं देवीचा फोटो टाका, गिऱ्हाईक जपून ठेवेल. तुम्ही ऐकलं नाहीत. अजून तेच कार्ड चालू आहे. तासाभरात पॅड भिजून जाईल इतकं रक्त जाणं, ताप, वासाचा स्राव, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी, झटके. बाळाच्या बाबतीत अंगावर न पिणं, अंग गार किंवा तापलेलं, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं. खाली ठळक अक्षरात 108, आणि 102 सुद्धा. 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, औषधं, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी फुकट आहे, हे तुम्ही मला पाठ करायला लावलं होतंत. का, तर खर्चाच्या भीतीनं घरं थांबतात आणि त्या थांबण्यात बाई जाते.

मी काय करायचं नाही, याची तुमची यादी तर दरांपेक्षा मोठी होती. बाळाच्या नाकाकानात तेल नाही. काजळ नाही. नाळेला हळद नाही, राख नाही, ती कोरडी ठेवायची. गुटी आणि मध नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पहिला पिवळा चीक पिळून टाकायचा नाही, तो बाळाच्या पोटात गेला पाहिजे. जन्मलेल्या दिवशी अंघोळ नाही. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर दवाखान्यानं सांगेपर्यंत मालिशीला हात लावायचा नाही, आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून ठेवायचं. सिझेरियनवालीच्या पोटाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेल नाही. आणि दार-खिडक्या लावून खाटेखाली शेगडी अजिबात नाही. शेवटच्या मुद्द्यावर तर सासूबाई माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हत्या.

या यादीतली एक ओळ मला तेव्हा उगाच वाटली होती: एकच पाय सुजलेला आणि दुखरा असेल तर चोळायचा नाही. पुढं एका घरी गेले तर सिझेरियन झालेल्या पोरीची डावी पोटरी सुजलेली. उजवीशेजारी ठेवून पाहिली तर फरक डोळ्यांना दिसत होता. हात लावला तर गरम. आजेसासू म्हणाल्या, "वाताचं आहे, जरा रगडून काढ, उतरंल." मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, आज मालिश नाही, आधी दवाखाना. घरात रागारागी झाली. "पैसे घेऊन काम करत नाही" हेही ऐकलं. तुम्हाला फोन लावला, तुम्ही तिच्या नवऱ्याशी दोनच वाक्यं बोललात आणि गाडी निघाली. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होती. चोळून ती सुटली असती तर फुप्फुसात जाऊन अडकली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोरगी औषधांनी बरी झाली. त्या घरातून मला पुन्हा बोलावणं आलं नाही. मी तुमच्यापाशी कुरकुर केली तर तुम्ही म्हणालात, "नको येऊ दे. ती चालतेय ना?"

सिस्टर, या एका वाक्यासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. धंद्याच्या शिबिरांत गिऱ्हाईक कसं टिकवायचं ते शिकवतात. गिऱ्हाईक कधी सोडायचं ते तुम्ही शिकवलंत.

कागदपत्रांचं थोडक्यात लिहिते. अन्न परवान्यासाठी तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरे होती, फी वर्षाला 100 रुपये. छोट्या धंद्याच्या उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही. माझ्याकडं एका एजंटानं त्याचे चांगले पैसे मागितले होते, तुम्ही फोन माझ्या हातातून घेऊन ठेवून दिलात. एका बँकेत साहेब हसून म्हणाले, "लाडवाला कसलं कर्ज?" तेव्हा मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटाला, म्हणजे सगळ्यात छोट्या कर्जाला, 50,000 पर्यंत तारण लागत नाही हे मी त्यांना सांगू शकले, कारण आदल्या दिवशी तुम्ही ते माझ्याकडून वदवून घेतलं होतंत. म्हसवडला 1997 पासून माणदेशच्या बायकांनी बायकांसाठी बँक चालवून दाखवलीय. इथं मात्र अजून लाडवाला हसतात.

आशाताईंचं, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या गावच्या आशा कार्यकर्तीचं, प्रकरण नाजूक होतं. त्यांना वाटलं, ही पैसे घेऊन आमचं काम पळवणार. तुम्ही आम्हा दोघींना समोरासमोर बसवलंत. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला जाणार, वजन-ताप तपासणार. मी रोज त्या घरात असणार, म्हणून मला दिसेल ते मी त्यांना कळवणार. त्या सगळ्या भेटींचे मिळून त्यांना 250 रुपये मिळायचे, हे ऐकून मी गप्प झाले. तुम्ही गडचिरोलीचं सांगितलंत: डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. 1999 साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात ते छापून आलं आणि पुढं देशभरातल्या आशांच्या घरभेटींना तोच पाया मिळाला. "त्या बायका तुमच्यासारख्याच होत्या," एवढंच म्हणालात. आता आशाताई आणि मी फॉर्मसुद्धा बरोबर भरून घेतो. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5,000 आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000 मिळतात. दुसऱ्या मुलीनंतर ज्या घरात चूल गप्प झालेली असते तिथं हा फॉर्म घेऊन जायला मला विशेष आवडतं.

डब्याचीही घडी तुम्हीच बसवलीत. बाळंतिणीला पाणी कमी, भाजी नको, डाळ बाधते, असलं पथ्य ऐकून तुमचा पारा चढायचा. आमच्या डब्यात बाजरीची भाकरी, लसणीची फोडणी दिलेली मुगाची आमटी, शेपू किंवा मेथी आणि अळिवाची खीर असते. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर खीर आणि लाडू बंद. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही 180 दिवस घ्यायच्या, चहाबरोबर नाही आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नाहीच, हे डबा पोचवणारी पोरगीसुद्धा आता दारात उभी राहून सांगते.

आणि तुमचा तो नियम: घरात शिरल्यावर बाळाकडं आधी बघायचं नाही. सगळं घर बाळाकडंच बघत असतं. आधी आईला विचारायचं, झोपलीस का, जेवलीस का, रडू येतंय का. कितीतरी जणी "रडू येतंय का" म्हटल्याबरोबर रडतात. दोन आठवडे उलटूनही रडणं थांबत नसेल, बाळाकडं बघावंसंच वाटत नसेल, तर तेही दवाखान्याचंच काम, मालिशीचं नाही, हेही कार्डावर आहे.

आज आमच्या बचत गटातल्या बायका माझ्याबरोबर काम करतात आणि महिन्याच्या महिन्याला मजुरी घेतात. माथाडी कामाला गेलेल्या आपल्या माणसांमुळं लाडू नवी मुंबईपर्यंत जातात. नव्या बाईला मी आधी कार्डाची मागची बाजू तोंडपाठ करायला लावते, पुढची नंतर.

तूप आणि खारीक दोन्ही महागलंय, म्हणून संक्रांतीपासून दर वाढवलेत. मजुरीची ओळसुद्धा वाढवलीय. तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

तुमची,
खटावची लाडूवाली