वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र: सिनॉप्सिसच्या आधी संशोधन शिकवा

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

एमडी-एमएसला आलेल्या डॉक्टरकडे वॉर्डची कामं अंगवळणी पडायच्या आतच थिसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आधी द्यायचा आराखडा, मागितला जातो. मग सीनियरचा जुना थिसिस उघडायचा, एखादा शब्द बदलायचा, की विषय तयार. पुढे मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता) भरून बाहेर कोणाला तरी द्यायचा. तो पैसे घेऊन पी-व्हॅल्यू (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे जोखणारा आकडा) काढून देतो. ती कशी आली, हे थिसिसवर नाव असलेल्यालाच सांगता येत नाही. उद्या औषध कंपनीचा प्रतिनिधी आलेख पुढे करील तेव्हा हाच डॉक्टर तो वाचून औषध लिहिणार आहे. मला भीती वाटते ती याची.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा केला. तो चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केला आहे आणि चांगला आहे. पण नाइट ड्युटीनंतर व्हिडिओ पाहून सॅम्पल साइज, म्हणजे अभ्यासात किती रुग्ण घ्यायचे ती संख्या, काढता येत नाही. ती स्वतःच्या प्रश्नासाठी काढून पाहावी लागते, आणि चुकलं तर दाखवणारं कोणी शेजारी असावं लागतं.

डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. समोर विंचूदंशाचे रुग्ण दगावत होते. त्यांनी खाटेशेजारी बसून लक्षणं टिपली, आणि 1982 मध्ये ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा 92 टक्के जणींना स्त्रीरोग आढळले. 1989 मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्येच आलं. दोन्हीकडे प्रश्न समोरच्या माणसांतून आला होता आणि नोंदी नेटक्या होत्या. आपल्या ओपीडीत असे प्रश्न रोज येतात, फक्त ते टिपायला कोणी शिकवत नाही.

आपण आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे प्र-कुलपती आहात, म्हणून आपल्याकडे मागतो. सिनॉप्सिसच्या आधी प्रत्येक ज्युनिअर रेसिडेंटला (पदव्युत्तर शिकणाऱ्या निवासी डॉक्टरला) दोन आठवडे ड्युटीतून मोकळं करा आणि त्या काळात पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाने हाताला धरून शिकवावं. प्रत्येक शासकीय महाविद्यालयात रेसिडेंटांसाठी आठवड्यातून ठरावीक वेळ देणारा संख्याशास्त्रज्ञ नेमा. जिल्हा रुग्णालयात त्यांना तीन महिने पाठवलं जातंच. तिथल्याच एका छोट्या प्रश्नाचा अभ्यास त्या काळात करून घ्या. आणि नव्या उपचाराने फरक पडला नाही असं थिसिसमध्ये निघालं, तर विद्यार्थ्याला ते तसंच लिहू द्यावं, असं गाइडना विद्यापीठाकडून लेखी कळवा. पुढची तुकडी रुजू होण्याआधी हा आदेश निघावा, ही विनंती.

आपला,
पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवणारा एक डॉक्टर