बंधपत्रावर सही करण्यापूर्वी

नाशिक

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सैन्यदलाच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलाखतीला तू जाणार हे ठरल्यापासून घरात सगळे गणवेशाविषयीच बोलत आहेत. मला मात्र आधी बंधपत्राविषयी लिहायचे आहे. पुणे, मुंबई, कोलकाता, दिल्ली, लखनौ किंवा बेंगळुरू येथे ४ वर्षांचे शिक्षण, निवास आणि जेवण शासन विनामूल्य देते, आणि त्याच्या बदल्यात पदवीनंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये दाखल होण्याची लेखी हमी घेते. ती मोडल्यास बंधपत्रातील रक्कम भरावी लागते. पालक म्हणून सही मी करीन, पण वर्षे तुझी जाणार आहेत. अल्पकालीन कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून ठरावीक मुदतीची नेमणूक, ५ वर्षांचे असते व मुदतवाढीने १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. कायम कमिशन मिळाले, तर उमेदीचा बहुतेक काळ तिथेच जाईल.

सिव्हिल हॉस्पिटलमधल्या माझ्या नोकरीत बदली झाली तरी निफाड किंवा मालेगाव. तुला देवळालीचे लष्करी रुग्णालय मिळेल, अशी आशा आजी धरून आहे. पण आदेश लेहचा किंवा उधमपूरचाही येऊ शकतो, आणि विनंती करता आली तरी नकार देता येत नाही. तिथे हिमदंशाचे आणि सुरुंगात पाय गमावलेले जवान येतील हे खरे, पण जवानांच्या कुटुंबांतील बाळंतपणे आणि निवृत्त सैनिकांचा मधुमेह यांतही तुझे पुष्कळ दिवस जातील. या साध्या कामाची आवड नसेल, तर गणवेशाच्या ओढीने जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

या सेवेचा मान मात्र मोठा आहे. १८८८ मध्ये १० ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या, तिथून तिची सुरुवात झाली. १९४३ च्या अध्यादेशाने परिचारिकांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला, आणि १९७६ मध्ये जी. ए. राम भारतीय सैन्यातील पहिल्या महिला मेजर जनरल झाल्या. तू लेफ्टनंट म्हणून रुजू होशील, म्हणजे वॉर्डमधील चुकीची जबाबदारीही अधिकारी म्हणून तुझीच असेल.

लग्नाविषयी आजीला घोर आहे. लग्न केले म्हणून १९८८ मध्ये या सेवेतील एका अधिकारी परिचारिकेला काढण्यात आले होते. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रशिक्षणाच्या काळात लग्न करता येत नाही, एवढे बंधन आजही आहे, आणि ते मला योग्य वाटते.

पुण्यात प्रवेश मिळाला, तर पदवी आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच असेल.

बंधपत्राचा मजकूर हाती आला की लगेच मला पाठव. तू घरी आलीस की आपण दोघी तो ओळीने वाचू, शंका वकिलांना विचारू, आणि तुझा होकार पक्का झाल्यावरच मी सही करीन. तोवर आत्याला किंवा शेजारी काही ठरले म्हणून सांगू नकोस.

तुझी,
आई